गायधनी काकूंचं मेहूण

मंगळसूत्र कौस्तुभनंच आणलं. रविवार कारंजाजवळच्या एका बांगडीवाल्याकडून, रुमालात गुंडाळून. जेवणाच्या टेबलावर ठेवत म्हणाला, "पाहून घे. वाट्या जरा जास्तच पिवळ्या आहेत, पण काकूंना चष्मा आहे."

"काकूंच्या चष्म्याचा नंबर मीच काढलाय," मी म्हटलं. "त्यांना सगळं स्वच्छ दिसतं."

"मग पदर नीट घे."

मी आरशासमोर उभी होते. अंगावर आईची जुनी मोरपंखी साडी. तो मागून आला, माझे केस एका बाजूला केले आणि ते काळे मणी गळ्यात घालून फासा लावला. लावून झाल्यावरही त्याची बोटं मानेवर थोडा वेळ तशीच राहिली. आधीचं मंगळसूत्र मी चार वर्षांपूर्वी साताऱ्याच्या कोर्टातून बाहेर पडल्यावर रिक्षातच काढून पर्समध्ये टाकलं होतं आणि स्वतःला बजावलं होतं की आता हे पुन्हा नाही. आणि इथे मी आरशात बघून हसत होते.

"काहून हसून राहिली?" त्यानं विचारलं.

"काही नाही. चल, काकूंचे पाट मांडून झाले असतील."

हे सगळं सुरू झालं ते एका भावाबहिणीच्या भांडणातून. नाशिकला गंगापूर रोडवर हेमंत आणि अपर्णा या भावंडांचा वडिलोपार्जित फ्लॅट होता. वडील गेल्यावर दोघांचं वाटणीवरून इतकं बिनसलं की एकमेकांचे फोन घेणं बंद. फ्लॅट विकायचा हे ठरलं होतं, पण तोवर रिकामा कसा ठेवायचा? दुबईला असलेल्या अपर्णानं आपल्याकडची किल्ली मला दिली, कारण मी तिची कॉलेजची मैत्रीण आणि मला नाशिकला डोळ्यांच्या दवाखान्यात नवी नोकरी लागलेली. पुण्यात असलेल्या हेमंतनं आपल्याकडची किल्ली कौस्तुभला दिली, कारण तो त्याचा मित्र आणि ठिबक सिंचनाच्या कंपनीनं त्याची अमरावतीहून बदली केलेली. दोघांनी एकमेकांना विचारलं असतं तर त्यांची नाकं कापली गेली असती.

त्यामुळे फेब्रुवारीत एका सकाळी मी बॅग घेऊन दार उघडलं, तर आत एक उंच, काळासावळा माणूस बनियनवर कांदे चिरत होता.

"कोण पाह्यजे?" तो म्हणाला.

आम्ही दोघंही आपापल्या मालकाला फोन लावून भांडत असतानाच समोरच्या गायधनी काकू चहाचा थर्मास घेऊन दारात आल्या. गोऱ्या, ठेंगण्या, निवृत्त शाळामास्तरीण. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि गोड हसून विचारलं, "नवीन जोडपं का? बरं झालं बाई. आमच्या सोसायटीत फॅमिलीशिवाय कोणाला ठेवत नाहीत."

मी तोंड उघडायच्या आत कौस्तुभ म्हणाला, "हो, काकू."

त्या गेल्यावर मी त्याच्यावर तोंडसुख घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "खरं सांगितलं असतं तर दोघंही रस्त्यावर आलो असतो. तुले जायचं असंल तर जा. मी सांगतो, माहेरी गेली म्हणून."

मी गेले नाही. नाशिकला दुसरी जागा कुठे शोधणार होते? आणि आमचं एकमेकांशी कशातच जमत नव्हतं. तो भाजीत तिखट घालायचा की तिखटात भाजी, हे कळायचं नाही. ओला टॉवेल खुर्चीवर, चपला जिथे पाय थांबतील तिथे. मी सगळं ओळीत लावणारी. तो मला 'इस्त्रीबाई' म्हणायचा. मी त्याला काही म्हणायची नाही, फक्त टॉवेल उचलून त्याच्या गादीवर टाकायची. पहिल्या आठवड्यातच मी त्याला माझ्या घटस्फोटाचं सांगून टाकलं, मुद्दाम. पुरुषांनी कोणत्या नजरेनं बघायचं ते आधीच ठरवलेलं बरं असतं. तो भाकरी मोडता मोडता म्हणाला, "मग काय झालं?" आणि पुढचा घास घेतला. मला वाटतं मी तिथेच घसरले. इतक्या जणांनी इतकं काही म्हटलं होतं, पण 'मग काय झालं' कोणी म्हटलं नव्हतं.

एप्रिल संपेपर्यंत दोन खोल्यांपैकी एकीत फक्त आमच्या सुटकेसा राहायला लागल्या.

त्या वर्षी मे महिन्यात अधिक महिना आला. आमच्याकडे साताऱ्याला त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेकीला आणि जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, जावयाला अनारशांचं वाण द्यायचं. जावई त्या दिवशी साक्षात विष्णू. ज्यांना लेक नाही त्यांनी दुसऱ्याचं जोडपं, म्हणजे मेहूण, जेवायला बोलवायचं. गायधनी काकूंना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या लग्नापासून किती अधिक महिने आले नि गेले, प्रत्येक वेळी त्यांनी दुसऱ्यांच्या लेकीजावयांसाठी अनारसे करून दिले. स्वतःच्या घरी मेहूण घालायचं म्हटलं की कोणाचं ना कोणाचं जोडपं आधीच कुठे तरी ठरलेलं असायचं.

"या वेळी तुम्हीच," त्या म्हणाल्या. "मी आधीच सांगून ठेवते. तू माझी लेक आणि हा जावई. तुझ्या आईनं बोलावलं तर तिला म्हणावं, नाशिकची आई आधी."

मी घाबरले. "काकू, आम्ही कशाला? आम्हाला काही कळत नाही त्यातलं."

"तुम्हाला काय कळायचंय? बसायचं आणि जेवायचं. फक्त त्या दिवशी मंगळसूत्र घाल हो. तुम्ही नोकरीवाल्या मुली घालत नाही, ते मला चालतं, पण देवाला दाखवायला हवं."

घरी येऊन मी कौस्तुभला म्हटलं की हे बरं नाही, काही तरी कारण सांगू. तो म्हणाला, "म्हातारी इतकी खूश होऊन राहिली. एक दिवस बसलो तर आपलं काय जातं?" मग मीही गप्प बसले. खरं सांगायचं तर मला बसायचं होतं. त्याच्या शेजारी, पाटावर, चारचौघांत.

आणि त्याच आठवड्यात आईचा रोज फोन. कराडचं एक स्थळ आलं होतं. बायको वारलेली, सहा वर्षांची मुलगी, शेतकी खात्यात नोकरी. फोटो मोबाइलवर येऊन पडला होता, मी उघडला नव्हता.

"रविवारपर्यंत त्यांना कळवायचंय, हर्षदा," आई म्हणाली. "ते दुसरीकडं पण बघायलेत. तुझ्या वयाला आन् तुझ्या... परत असं स्थळ यायचं नाही."

"रविवारी सांगते."

"मनात दुसरं काही असलं तर सांग बाई. मी काय खाणार आहे का तुला?"

दुसरं काही होतंच. पण त्यानं अजून तोंडानं काही म्हटलं नव्हतं, आणि मी आईला काय सांगणार, की आमच्या सुटकेसा एका खोलीत आहेत?

शुक्रवारी मी काकूंकडे अनारसे तळायला गेले. तीन दिवस भिजवलेल्या तांदळाचं पीठ, गूळ, खाली खसखस. काकूंनी पहिला तुपात सोडला आणि तो विरघळून कढईभर पसरला. "हसला मेला," त्या म्हणाल्या. अनारसा बिघडला की तो हसला म्हणतात. मग त्यांनी भिजवलेल्या पिठात जरा कोरडं पीठ घातलं आणि पुढचे सगळे जाळीदार उतरले. मला शिकवता शिकवता त्या म्हणाल्या, "मुलगी असती तर तुझ्याएवढी असती. नाक असं नसतं, आमच्या घरात सगळे नकटे." आणि स्वतःच हसत सुटल्या. माझ्या आईनं मला घटस्फोटानंतर स्वयंपाकघरात असं शेजारी बसवून कधी काही शिकवलं नव्हतं. तिथे सगळी शिकवण मला आता काय मिळणार नाही याचीच होती.

शनिवारी दुपारी आम्ही समोरच्या घरात पाटावर बसलो. भोवती रांगोळी, समया. काका सोवळं नेसून, कानातलं यंत्र सारखं करत उभे. काकू गुडघ्यावर हात टेकून खाली बसल्या, ताम्हणात आमचे पाय घेतले आणि दुधापाण्यानं धुतले. आधी त्याचे, मग माझे. मी पाय ओढून घ्यायला लागले तर म्हणाल्या, "ओढू नकोस गं, आज तू लक्ष्मी." त्यांनी पायांवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, पदरानं पाय पुसले, माझी ओटी भरली. कौस्तुभला उपरणं आणि तेहतीस अनारशांचं ताट दिलं, वर दिवा ठेवून.

"आता नाव घ्या," काका मोठ्यानं म्हणाले, "त्याशिवाय धोंडे नाहीत."

मला वाटलं कौस्तुभ गांगरेल. पण त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला,

"तुरीच्या शेंगा, संत्र्याची बाग,
हर्षदाचं नाव घेतो, जिच्या नाकावर राग."

काका-काकू हसून हसून बेजार. काकूंनी डोळे पुसले. मला घास भरवताना त्यानं तुपानं माखलेली बोटं माझ्या ओठांशी मुद्दाम जरा रेंगाळवली, आणि मी लाजले. बत्तिसाव्या वर्षी, कोर्टाची पायरी चढून उतरल्यावर, मी चक्क लाजले.

घरी येऊन आम्ही हॉलमध्ये पंख्याखाली फरशीवर आडवे झालो. पोटाला तडस लागलेली. त्यानं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि डोळे मिटून म्हणाला, "एकदा नेतो तुले आमच्याकडे. बागेत. संत्री लागली की बाग कशी दिसते, पाहशीलच."

"तुझी आई काय म्हणेल?"

"काय म्हणंल," तो झोपेत म्हणाला. "जेवू घालंल."

मी ठरवलं की रविवारी आईला नाही कळवायचं. म्हणजे कराडला नाही. त्याआधी त्याच्याशी नीट बोलायचं, साध्या शब्दांत.

रविवारी सकाळी हेमंत आला. कोणाला न सांगता, सोबत घर बघायला आलेलं एक जोडपं. मी इथे राहते हे त्याला पहिल्या दिवसाच्या फोनपासून माहीत होतं आणि त्याचा राग त्याच्या बुटांच्या आवाजातही ऐकू येत होता. तो त्या लोकांना बाल्कनी दाखवत होता तेवढ्यात काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या. पाहुणे बघितले की त्यांना राहवायचं नाही.

"हेमंत, घर वीक बाबा, पण या दोघांना एवढ्यात काढू नकोस," त्या म्हणाल्या. "तुझा मित्र आणि त्याची बायको, दोघंही लाखात एक. कालच मेहूण म्हणून जेवली माझ्याकडे."

"बायको?" हेमंत म्हणाला. "कोणाची बायको? याचं लग्न कुठे झालंय? ही आमच्या ताईची मैत्रीण. ताईनं घुसवलीय हिला, मला त्रास द्यायला."

घर बघायला आलेली बाई छताकडे बघायला लागली. काकूंच्या हातातला ट्रे हलला नाही. त्यांनी सगळ्यांना चहा दिला, अगदी मलाही. हेमंत पाहुण्यांना घेऊन गच्ची दाखवायला गेला, तिथून तो परस्पर खालीच गेला. काकूंनी दार लोटलं आणि सोफ्यावर बसल्या.

"खरं आहे हे?"

"हो, काकू," मी म्हटलं. "चुकलं आमचं."

"मी पाय धुतले तुमचे," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "पदरानं पुसले."

आम्ही दोघंही खाली बघत उभे. बराच वेळ त्या आपल्या बांगड्या मागेपुढे करत बसल्या. मग सुस्कारा सोडून म्हणाल्या, "हे बघा, राग मला आलाच आहे आणि तो जायचा नाही. पण एक सांगा. लग्न करणार आहात ना? आज ना उद्या? मग मी देवाला सांगते की बाबा, जेवण आधी झालं, अक्षता मागाहून पडतील. तो काही माझ्याइतका हट्टी नाही."

त्या त्याच्याकडे बघत होत्या. मीही त्याच्याकडे बघितलं. माझ्या मनात आलं, देवानंच या बाईला पाठवलंय. मला जे विचारायला आठवडाभर धीर होत नव्हता ते त्यांनी सरळ विचारून टाकलं. त्यानं फक्त हो म्हणायचं होतं, आणि खोटं असताना तो ते किती सहज म्हणाला होता.

"काकू, तसं नाही ते," कौस्तुभ म्हणाला. "आम्ही नुसते एका घरात राहतो. सोसायटीत एकट्यांना ठेवत नाहीत ना, म्हणून."

"नुसते?" मी म्हटलं.

तो माझ्याकडे वळला नाही. "माझ्या घरी मुली पाहणं चालू आहे, काकू. आईनं परतवाड्याची एक जवळजवळ पक्की केली आहे. आणि हर्षदाचं तर एकदा झालंच आहे. घटस्फोट झाला तिचा. आमच्याकडे ते नाही चालत. तिले माहीत आहे सगळं, समजदार आहे ती."

परतवाड्याची मुलगी मला त्या क्षणी कळली. पण मला लागलं ते वेगळंच. काकूंचा चेहरा बदलला ते मी बघत होते. आत्तापर्यंत त्यांची नजर त्याला धारेवर धरून होती, ती हळूहळू माझ्याकडे आली, माझ्या कपाळावर आणि मग गळ्यावर थांबली. मंगळसूत्र मी अजून काढलं नव्हतं.

"एकदा झालेलं आहे?"

"हो, काकू."

"नवरा आहे?"

"आहे. म्हणजे होता. आता नाही. तो जिवंत आहे."

"मग ओटी कशी घेतलीस गं तू माझ्याकडून?"

मला म्हणायचं होतं की काकू, शुक्रवारी तुम्ही मला अनारसे शिकवलेत तेव्हाही माझं एकदा झालेलंच होतं. माझं नाक तेच आहे.

"याच्या आईचं काही चुकत नाही," काकू स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. मग त्याला म्हणाल्या, "तुझी अडचण कळते रे मला. एकुलता एक का?"

"हो."

"मग बरोबर आहे. आईला दुखवून कोणाचं भलं झालंय? पण पोरा, मला आधी सांगायचं होतंस. मी दुसरं जोडपं बघितलं असतं." त्या उठल्या, ट्रे उचलला. घटकाभरापूर्वी फसवणूक आम्हा दोघांची होती. आता ती माझ्या एकटीची झाली होती आणि तो तिच्यात सापडलेला भला मुलगा. दारातून त्या वळल्या. "कालचे धोंडे उरलेत. दुपारी जेवायला ये. आणि परत मेहूण घालायचंय पुढच्या आठवड्यात, माळ्यावरची मोठी भांडी काढायला मला कोणी तरी हवंय."

"येतो, काकू," तो म्हणाला.

दार बंद झालं. मी म्हटलं, "परतवाड्याची कोण?"

"अजून काही पक्कं नाही झालं. फोटो पाठवला आईनं."

"आणि मी?"

तो खरोखर गोंधळला. "तू काय? तू तर कधी लग्नाचं बोलली नाही. मला वाटलं, तुझं एकदा होऊन गेलं, तुले आता त्याचं काही नसंल वाटत. काल पण किती हसून राहिली होती, मंगळसूत्र घालताना. मी म्हटलं, तुले गंमत वाटून राहिली."

"मला आनंद झाला होता, कौस्तुभ. म्हणून हसत होते मी."

बिचाऱ्याला खरंच माहीत नव्हतं. त्यानं मला कधी कमी लेखलं नव्हतं, वाईट वागवलं नव्हतं. 'मग काय झालं' म्हणाला होता तेही मनापासून. माझ्याशी लग्न करायची वेळच येणार नव्हती, त्यामुळे माझा घटस्फोट झाला काय नि न झाला काय, त्याला सारखंच होतं. त्या तीन शब्दांवर मी तीन महिने जगत होते.

दुपारी त्यानं शर्ट बदलला.

"जाणार आहेस?"

"अगं, वाईट वाटंल त्यांना. आधीच एवढं झालं." जाताना त्यानं दाराशी नीट जोडीनं ठेवलेल्या चपला घातल्या आणि हलकेच विचारलं, "तुझ्यासाठी आणू का थोडं?"

मी नको म्हटलं. समोरचं दार उघडलं, काकांनी मोठ्यानं 'या, या' म्हटलं, दार लागलं. मी मंगळसूत्र काढून केराच्या डब्यात टाकलं आणि आईला फोन लावला.

"आई, कराडच्यांना हो म्हण."

"म्हणजे? बघितलास का फोटो?"

"नाही."

"अगं, मग असं कसं? बघ तरी आधी. केस जरा कमी आहेत, पण माणूस..."

"बघून काय करू? हो म्हण."

आई रडायला लागली. अंबाबाईनं ऐकलं म्हणाली, पोरीला बुद्धी झाली म्हणाली. मी तिला रडू दिलं. महिनाअखेरीला मी नाशिकची नोकरी सोडली.

लग्न दिवाळीनंतर झालं, नोंदणी पद्धतीनं. दिलीप चांगला माणूस आहे, हे मला नंतर हळूहळू कळत गेलं. त्याची मुलगी पहिल्या वर्षी मला काहीच म्हणायची नाही, आता आई म्हणते. घरी कोणी नवीन पाहुणे आले की दिलीप एक गोष्ट हमखास सांगतो, आणि सांगताना त्याचा चेहरा इतका फुललेला असतो की मला त्याला कधी थांबवता आलेलं नाही. "हिनं माझा फोटोसुद्धा बघितला नव्हता," तो म्हणतो. "न बघताच हो म्हणाली. एवढा विश्वास कोण टाकतं हो आजकाल?" पाहुणे कौतुकानं माझ्याकडे बघतात, आणि मी चहा ठेवायला आत जाते.